दारावरचा दलाल

गाणारा गातो. ऐकणारा ऐकतो. या दोघांच्या मध्ये हा तिसरा कोण उभा आहे, आणि दोघांच्याही खिशात हात घालायचा परवाना त्याला कुणी दिला? एवढा एकच प्रश्न मला या अंकात विचारायचा आहे.

प्रश्न अमेरिकेतला आहे. टिकेटमास्टर नावाची कंपनी तिथे गाण्याच्या कार्यक्रमांची तिकिटं विकते. तिच्याविरुद्ध तिथले गायक, वादक आणि त्यांचे चाहते तीस वर्षांहून जास्त काळ भांडत आले आहेत. आमच्यातले काही मित्र म्हणतील, अरे बाबा, गिटारवाल्यांची तिकिटं महाग झाली तर आपल्या बापाचं काय गेलं? त्यांना माझं सांगणं असं, की ही कंपनी गाणं रचत नाही, वाद्य बनवत नाही, गळा झिजवत नाही. ती फक्त दार धरून बसली. आणि दाराच्या जोरावर हळूहळू सगळ्या घराची मालकीण झाली. दार धरून बसणारे आपल्याला काही नवे नाहीत. पण ते कसे वाढतात, कशाला घाबरतात आणि कशाला बिलकुल घाबरत नाहीत, हे ज्याला शिकायचंय त्याला इतका स्वच्छ धडा दुसरीकडे सापडायचा नाही.

तेव्हा आधी यंत्र समजून घेऊ. शिव्या नंतर.

१९७६ साली ॲरिझोनात, विद्यापीठात काम करणाऱ्या दोघांनी आणि एका व्यावसायिकानं मिळून ही कंपनी काढली. संगणकावर तिकीट विकायचं तंत्र, एवढंच भांडवल. बाजारात तेव्हा टिकेट्रॉन नावाची दादा कंपनी होती. ही तिच्यापुढे किस झाड की पत्ती. १९८२ मध्ये फ्रेड रोझेन नावाचा एक वकील हिचा कारभारी झाला आणि त्यानं धंद्याचं तोंडच फिरवलं. तोवर रीत अशी, की तिकीट विकून देणारी कंपनी आपल्या सेवेचे पैसे थिएटरकडून घ्यायची. रोझेन म्हणाला, थिएटरकडून कशाला, उलट थिएटरलाच पैसे देऊ. तिकिटावर वरची फी लावू, तिच्यातला वाटा थिएटरला देऊ, वर आगाऊ रोकडही देऊ. बदल्यात एकच करायचं : काही वर्षं तुमच्या दारातलं प्रत्येक तिकीट आमच्याच खिडकीतून विकलं जाईल, दुसऱ्या कुणाच्या नाही, असा कागद करून द्या.

आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम हंगामाआधी उचल देतो. उचल हातात पडली की कोयता त्याचा. कुठल्या कारखान्यावर जायचं, किती तोडायचं, हे बोलायचा हक्क तिथंच संपला. रोझेननं दिली ती उचलच. फरक एवढाच, की इथे उचल घेणारा गरजू नव्हता, चांगला गबर होता. आणि ती फेडायची मात्र तिसऱ्यानंच. तिकीट घेणाऱ्यानं.

यातली दुसरी अक्कल तर आणखी वरची. फी वाढली की लोक कंपनीच्या नावानं बोटं मोडतात. मोडू देत. त्या फीतला वाटा थिएटरमालक खातो, पण त्याचं नाव कुणी घेत नाही. म्हणजे शिव्या खाणं हासुद्धा कंपनीनं विकलेल्या मालातलाच एक माल. थिएटरवाला सभ्य राहतो, कार्यक्रम भरवणारा कंत्राटदार सभ्य राहतो आणि सगळा राग एका नावावर जिरून जातो. १९९१ मध्ये तर कंपनीनं टिकेट्रॉनचा कारभारही आपल्या घशात घातला. दार एक, दलाल एक.

*

पहिली मोठी ठिणगी पडली १९९४ मध्ये. सिएटलचा पर्ल जॅम हा बँड. कुणी ऐरागैरा नव्हे. आदल्या वर्षी आलेल्या त्यांच्या रेकॉर्डच्या पहिल्याच आठवड्यात साडेनऊ लाखांच्या आसपास प्रती खपल्या होत्या. तोवर असा खप कुणी पाहिला नव्हता. या पोरांनी ठरवलं, की आपलं तिकीट वीस डॉलरच्या आत राहिलं पाहिजे, कारण आपल्याला ऐकणारी पोरं आपल्यासारखीच कडकी. तिकीट अठरा डॉलर आणि वरची फी फार तर एक डॉलर ऐंशी सेंट, म्हणजे दहा टक्के. यापेक्षा जास्त नाही. कंपनीला हे कुठून पटणार? मग त्यांनी मे १९९४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याकडे तक्रार गुदरली, की ही मक्तेदारी आहे. ३० जून १९९४ रोजी बँडमधले स्टोन गोसार्ड आणि जेफ अमेंट हे दोघे तिथल्या संसदेच्या समितीपुढे साक्षीला बसले. उन्हाळ्याचा दौरा त्यांनी रद्द केला.

पुढच्या वर्षी हट्टानं दुसऱ्या, लहान तिकीट कंपनीला घेऊन ते दौऱ्यावर निघाले. पण मोठ्या शहरांतली मोठी सभागृहं करारांनी बांधलेली. उरलं काय? जत्रेची मैदानं, आडगावची माळरानं. तिथे कुंपण आपण घाला, वीज आपण आणा, पोलिसांची समजूत आपण काढा. दौरा अर्ध्यातच लंगडला. त्याच सुमारास, जुलै १९९५ मध्ये, न्याय खात्यानं एक छोटंसं पत्रक काढून चौकशी गुंडाळली. १९९८ मध्ये पर्ल जॅम पुन्हा टिकेटमास्टरच्या थिएटरांत गायला उभा राहिला.

दोस्तांनो, इथे थांबा. या गोष्टीला हसू नका, आणि हळहळूही नका. हिशेब मांडा. अमेरिकेतला सगळ्यात मोठा बँड. पैसा आहे, नाव आहे, पाठीमागे लाखो पोरं आहेत. तरी हरला. का? साक्ष द्यायला आणि पाठिंब्याचे चार शब्द बोलायला इतर मंडळी आली, पण मोठ्यांपैकी कुणी आपला दौरा थांबवून त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला नाही. एकट्यानं केलेला बहिष्कार म्हणजे उपास. मालकाला त्याचं काय? तो जेवतच असतो. आणि चाहत्यांनी काय करावं हे कुणी त्यांना सांगितलंच नाही. ते टाळ्या वाजवत राहिले.

पुढची गोष्ट आणखी कडू आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या कार्यक्रमाची तिकिटं घ्यायला आलेल्या लोकांना टिकेटमास्टरनं आपल्याच दुसऱ्या दुकानाकडे वळवलं. तिथे तीच तिकिटं चढ्या भावानं मिळत होती. स्प्रिंगस्टीन जाहीरपणे संतापला. त्यानं लिहिलं, की आता ही कंपनी आणि लाइव्ह नेशन एक झाल्या तर गोष्टी अजून बिघडतील. लाइव्ह नेशन म्हणजे कार्यक्रम भरवणारी, थिएटरं चालवणारी आणि कलावंतांचा कारभारही बघणारी अवाढव्य कंपनी. जानेवारी २०१० मध्ये सरकारनं काही अटी घालून नेमकं तेच लग्न लावून दिलं. अट अशी, की थिएटरवाल्यांना दमदाटी करायची नाही, आमचं तिकीटयंत्र घेतलं नाही तर कार्यक्रम देणार नाही असं म्हणायचं नाही. २०१९ मध्ये खुद्द न्याय खातंच म्हणालं, की ही अट पुन्हा पुन्हा मोडली गेली. शिक्षा काय? अटींची मुदत वाढवली. चोराला सांगितलं, तू चोरी करणार नाहीस अशी शपथ अजून काही वर्षं घे.

मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गिरणी शेटची, राहायची चाळ शेटची आणि उधारीचं दुकान शेटच्या माणसाचं. पगार एका हातानं द्यायचा, दुसऱ्या हातानं परत घ्यायचा. मे २०२४ मध्ये अमेरिकेचं सरकार २९ राज्यांना आणि राजधानीच्या जिल्ह्याला सोबत घेऊन या जोडकंपनीविरुद्ध कोर्टात गेलं. त्या फिर्यादीत म्हटलं होतं, की मोठ्या सभागृहांच्या पहिल्या तिकीटविक्रीपैकी ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त टिकेटमास्टरच्या हातात आहे. चारशेहून जास्त कलावंतांचा कारभार लाइव्ह नेशन बघते. उत्तर अमेरिकेतली दोनशे पासष्टहून जास्त थिएटरं तिच्या मालकीची किंवा ताब्यातली आहेत. कंपनीनं हे आरोप नाकारले. नाकारणारच. पण फिर्याद दाखल करायला चौदा वर्षं लागली, हे विसरू नका. लग्नही यांनीच लावलं होतं.

*

या यंत्राच्या पोटात कलावंताचं काय होतं? जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी सेनेटच्या समितीपुढे लॉरेन्स नावाच्या बँडचा क्लाइड लॉरेन्स बसला होता. फार मोठा बँड नव्हे. आठ माणसं, हातावरचं पोट. त्यानं साधा वाण्याचा हिशेब मांडला. तिकीट तीस डॉलर. वर बारा डॉलर फी. ऐकणारा देतो बेचाळीस. यातले बँडच्या हातात येतात बारा. त्यातले निम्मे प्रवासात, मुक्कामात, माणसांच्या पगारात जातात. उरले सहा. सहा डॉलर, आठ माणसं, आणि त्यावर कर द्यायचा तो वेगळाच. दहा स्वच्छ टॉवेलांच्या गठ्ठ्याचे अडीचशे डॉलर बँडच्या नावावर लागतात. बँडनं आपले टी-शर्ट विकले तर त्यातही थिएटरला वाटा. आणि लोकांचे कोट सांभाळायचे जे पैसे थिएटर घेतं, त्यातून बँडला छदाम नाही.

मी हा हिशेब पुन्हा पुन्हा वाचला. बेचाळीसमधले सहा. घाम गाळणाऱ्याच्या पदरात किती पडतं याचं प्रमाण शेतात बघा, बिगारीवर बघा, नाक्यावर बघा. फार वेगळं निघायचं नाही. गळ्यातून आलेला घाम म्हणून त्याला सूट नाही.

आणि ऐकणाऱ्याचं? १५ नोव्हेंबर २०२२. टेलर स्विफ्टच्या दौऱ्याची तिकिटं निघाली. आधी नावं नोंदवून, निवडून घेतलेल्या लोकांसाठीच ही विक्री होती. कंपनीच्याच आकड्याप्रमाणे त्या दिवशी यंत्रावर साडेतीन अब्ज धडका बसल्या. वीस लाखांच्या वर तिकिटं विकली गेली. कित्येक पोरी तासन् तास पडद्याकडे डोळे लावून बसल्या आणि हात हलवत उठल्या. दोन दिवसांनी कंपनीनं सर्वांसाठीची विक्री रद्द करून टाकली. यातली मेख बघा. या दौऱ्याचा कंत्राटदार लाइव्ह नेशन नव्हता, तिचा प्रतिस्पर्धी होता. तरी तिकिटं टिकेटमास्टरच्याच खिडकीवर. कारण बहुतेक स्टेडियमं तिच्या कराराला बांधलेली. जगातली सगळ्यात ताकदवान गाणारी बाई, तिलाही दुसरं दार नाही! डिसेंबरात तिच्या सव्वीस चाहत्यांनी कंपनीवर कॅलिफोर्नियात दावा ठोकला. गाणं ऐकायला रांगेत उभी राहिलेली माणसं फिर्यादी झाली. माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातली खरी बातमी ही आहे.

कारण हे दलाल कशाला घाबरतात, ते त्यानंतर लगेच दिसलं. मार्च २०२३. इंग्लंडचा द क्युअर हा बँड. त्यांच्या रॉबर्ट स्मिथनं मुद्दाम स्वस्त तिकिटं ठेवली, काही तर वीस डॉलरची. मागणीप्रमाणे चढणारे भाव नकोत, असंही बजावलं. विक्री सुरू झाली आणि लोकांनी आपापल्या पावत्या चारचौघांत मांडल्या. वीस डॉलरच्या तिकिटावर वीसहून जास्त फी! स्मिथनं त्या पावत्या घेऊन कंपनीला जाब विचारला. काय झालं? कंपनीनं सगळ्यात स्वस्त तिकिटांवर दहा डॉलर आणि बाकीच्यांवर पाच डॉलर परत केले. रक्कम किरकोळ आहे. पण काल जी फी म्हणजे देवाची करणी होती, ती आज माणसाची निघाली. लावणाऱ्याला काढता येते. कोर्ट नाही, कायदा नाही. गाणारा आणि ऐकणारा एका दिवशी एका आवाजात बोलले, आणि हातात पावती होती.

याच्याही आधी एक मजेदार प्रकार झाला होता. कोलोराडोचा स्ट्रिंग चीज इन्सिडेंट हा बँड. २००३ मध्ये त्यांनी कंपनीवर खटला भरला, पुढच्या वर्षी तडजोड झाली. पण खोड काही गेली नाही. २०१२ मध्ये त्यांनी आपल्या चाहत्यांच्या हातात रोख पैसे ठेवले आणि त्यांना लॉस एंजेलिसजवळच्या खिडकीवर रांगेत उभं केलं. खिडकीवर वरची फी लागत नव्हती. त्या पोरांनी तिथून शेकडो तिकिटं उचलली आणि बँडनं ती फीशिवाय आपल्या लोकांना विकली. ब्लॅक करणारे जे करतात तेच, फक्त उलट्या बाजूनं. याला म्हणतात डोकं.

*

आता कलावंतांना दोन शब्द. लाड पुरे झाले.

२००९ मध्ये संतापलेला तोच स्प्रिंगस्टीन, २०२२ मध्ये त्याच कंपनीकडून मागणीप्रमाणे चढणारे भाव घेऊन विकायला बसला. काही तिकिटं चार-पाच हजार डॉलरवर गेली. कामगारांची गाणी गाणारा माणूस, आणि त्याच्या पुढच्या रांगेत बसायला कामगाराचा काही महिन्यांचा पगार! चढ्या भावातला पैसा कलावंताकडेही जातो, म्हणून कलावंत गप्प राहतो. झॅक ब्रायन नावाचा गायक २०२२ मध्ये आपल्या रेकॉर्डच्या नावातच टिकेटमास्टरला शिवी घालून मोकळा झाला. २०२३ चा दौरा त्यानं दुसऱ्या कंपनीकडून केला, जी स्वतःच एका दुसऱ्या धनदांडग्याची आहे. २०२४ मध्ये परत जुन्याच दारात. नुसती शिवी घातल्यानं दार उघडत नाही. शिवी ही आपलीही आवडती वस्तू आहे, म्हणून हे मी जरा जोरात सांगतोय.

आणि हे सगळं तिकडेच घडतं असंही नाही. २२ सप्टेंबर २०२४ ला नवी मुंबईतल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरच्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमांची तिकिटं बुकमायशोवर निघाली. लाखो लोक रांगेत, थोडक्या वेळात सगळं खलास. आणि लगेच दुसऱ्या दुकानांत अडीच हजारांपासूनची तिकिटं कितीतरी पट भावानं हजर. बुकमायशो म्हणाली, त्या दुकानांशी आमचा संबंध नाही, आणि तिनं पोलिसांत तक्रार दिली. पोलिसांनी चौकशी केली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयानं याचिका फेटाळली. सांगितलं, की हा धोरणाचा प्रश्न आहे, कायदा करणाऱ्यांनी बघावा. कार्यक्रम झाले. लोक नाचले. प्रश्न जिथल्या तिथे.

आपल्या सिंगल स्क्रीनच्या बाहेर पूर्वी एक पोरगा उभा असायचा. दस का बीस, दस का बीस. हवालदार त्याच्या पेकाटात लाथ घालायचा, आणि पांढरपेशा माणसाला वाटायचं, काळाबाजार संपला. तोच धंदा आज संगणकात बसून केला की त्याचं नाव रीसेल. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं लाइव्ह नेशन आणि टिकेटमास्टरवर दावा लावला. आरोप असा, की ब्लॅकवाले मर्यादेबाहेर तिकिटं उचलतात हे माहीत असून कंपनीनं डोळेझाक केली, कारण तीच तिकिटं तिच्याच दुकानात पुन्हा विकली गेली की तिला पुन्हा फी मिळते. हा आरोप आहे. पण पेकाटात लाथ कुणाच्या बसते आणि नोटीस कुणाला जाते, एवढा फरक डोळ्यांपुढे ठेवा.

मग करायचं काय?

पहिलं, राग योग्य पत्त्यावर पाठवा. खिडकीतल्या पगारी पोराशी भांडू नका. त्याच्या मागचा करार मागा. थिएटरला किती मिळतं, कंत्राटदाराला किती, कलावंताला किती, हे तिकिटावर छापा म्हणून मागा. अमेरिकेत मे २०२५ पासून फीसकट पूर्ण किंमत आधीच दाखवायची सक्ती झाली. बरं झालं. पण भाव दिसला म्हणून भाव उतरत नाही.

दुसरं, दार आणि घर एकाच्या हातात राहता कामा नये. थिएटर चालवणारा वेगळा, कार्यक्रम भरवणारा वेगळा, तिकीट विकणारा वेगळा. आणि वर्षानुवर्षांची, दुसऱ्याला दारात उभं न करणारी उचल बंद.

तिसरं आणि सगळ्यात अवघड. गाणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी एकत्र बसायचं. अमेरिकेत २०२० मध्ये वादक-गायकांनी आपली नवी संघटना उभी केली. थिएटरनं टी-शर्टच्या विक्रीत वाटा मागू नये, अशी मोहीम तिनं चालवली. मागणी छोटी, पण मागणारे एकटे नाहीत. पर्ल जॅमकडे नेमकं हेच नव्हतं. आपल्याकडचा रॅप करणारा पोरगा असो, हलगीवाला असो की लग्नात बँजो वाजवणारा असो, सुपारी ठरवताना तो एकटाच असतो. आणि एकटा आहे म्हणूनच स्वस्तात जातो.

एवढं वाचून झालं असेल तर एक काम करा. गेल्या वर्षभरात तुम्ही ज्या ज्या कार्यक्रमाला गेलात, त्याच्या पावत्या शोधा. तिकीट किती, वरची फी किती, फीला नाव काय दिलंय, सगळं बघा. वाजवणारे असाल तर तुमच्या हातात किती पडले ते लिहा. नाव नको, आकडे हवेत. आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात आम्ही ते एकाखाली एक छापू. अग्रलेखाला जागा उरली नाही तरी चालेल.